कौलावरचा खांब आणि संगणकावरील दूरदर्शन

मुंबईस दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें साताऱ्यास अजिंक्यताऱ्यावर मनोरा उभा राहिला आणि आमच्या वाड्याच्या कौलांवर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना चढला. वारा सुटला कीं एकानें वर चढावें व दुसऱ्यानें माजघरांतून "आलें! गेलें!" असें ओरडावें. २०२२ पर्यंत जुन्या पद्धतीचीं बहुतेक प्रक्षेपणें बंद झालीं. तो खांब आतां कावळ्यांचा.

हल्लीं सह्याद्री वाहिनी इंटरनेटवरून घरच्या संगणकावर दिसते. जुनें ट्यूनर कार्ड येथें निरुपयोगी. प्रसार भारतीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें काढलेलें 'वेव्हज' उघडावें आणि एचडीएमआय तारेनें चित्र मोठ्या पडद्यावर घ्यावें, म्हणजे मामंजींसह सारें घर एकत्र बसतें. चित्र मात्र कांहीं क्षण मागें असतें: शेजाऱ्यांची आरोळी आधीं, आपला चौकार मागाहून!

परंतु वाचक भगिनींनो, खरी अडचण निराळीच आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत कोयना धरणाचें पाणी सुटत होतें, आणि सांगलीच्या आयर्विन पुलाशीं कृष्णा किती चढली हें आम्ही साताऱ्यास पडद्यावर पाहत होतों. आमच्या वन्सं सांगलीच्या. ज्यांच्या पायरीस पाणी लागलें, त्यांच्याच घरीं वीज नाहीं, संगणक मुका! आम्ही फोनवरून आकडे कळवीत राहिलों; रात्रीं तोहि बंद पडला.

पूर ओसरल्यावर भाऊजींनीं त्यांस सेलवर चालणारा रेडिओ नेऊन दिला. त्यावर सांगली आकाशवाणी लागते. तो आतां देव्हाऱ्याशेजारीं असतो, आणि सेल दर ज्येष्ठांत बदलले जातात.