महास्फोट मांडणारा धर्मगुरू

महास्फोट सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधले कॅथलिक धर्मगुरू होते आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापकही. विश्व प्रसरण पावते आहे, हे त्यांनी १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून मांडले. सारे विश्व एका आदिम अणूतून उलगडले असावे, ही कल्पना १९३१ मधली.

१९५१ मध्ये पोप पायस बारावे यांना या संशोधनात ईश्वरी निर्मितीची साक्ष दिसली. लमेत्र यांना ते रुचले नाही. स्वतः श्रद्धाळू असूनही त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून अलग आहे; आस्तिक आणि नास्तिक दोघेही तो स्वीकारू शकतात.

ही भूमिका आजही मोलाची आहे. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि घन होते, याला १९६५ मध्ये जाहीर झालेल्या वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारणाच्या शोधाने भक्कम पुरावा दिला. तिथून पुढचा प्रवास विज्ञान मोजून सांगते. त्याआधी काय होते आणि मुळात काही अस्तित्वात का आहे, याचे उत्तर समीकरणांनी अजून दिलेले नाही. ती जागा देवाच्या नावाने भरण्याची घाई श्रद्धेलाही मारक ठरते; कारण नवा शोध लागला, की अशा देवाला मागे सरावे लागते.