गाणे पोटासाठी, पेटी मनासाठी

गेल्या स्नेहसंमेलनानंतर नववीतील एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "सर, पॉप गाणी गाऊन पोट भरते का हो?" तिचे वडील शेजारीच उभे होते. खासबागेतील पुष्कळ घरांप्रमाणे त्यांचेही घर मागावर चालणारे. उत्तराची वाट मुलीपेक्षा तेच अधिक उत्सुकतेने पाहत आहेत, असे आम्हांस वाटले. त्या वेळी काहीतरी थातुरमातुर बोलून आम्ही वेळ मारून नेली. त्या उत्तराची भरपाई येथे करीत आहोत.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. 'पॉप' हे 'पॉप्युलर' या शब्दाचे लघुरूप. पुष्कळांना आवडावे म्हणून रचलेले गाणे, इतकाच त्याचा अर्थ. असे गाणे बहुधा तीन मिनिटांत संपते. जुन्या दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तेवढेच मावत असे. तबकड्या गेल्या, सवय राहिली. 'सोल' म्हणजे आत्मा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जी भक्तिगीते गायली जात, त्यांचा आवेश १९५० नंतरच्या काळात प्रेमाच्या आणि व्यवहाराच्या गाण्यांत उतरला आणि हा प्रकार जन्मास आला. एकाने ओळ टाकावी, बाकीच्यांनी ती उचलावी, ही त्याची रीत. बुवांनी चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी ध्रुपद धरावे, हे ज्यांनी एकादशीच्या भजनात ऐकले आहे, त्यांना ती मुळीच परकी वाटणार नाही.

या गायनातील सर्वांत थोर नाव अरेथा फ्रँकलिन यांचे. त्यांचा जन्म १९४२ चा. वडील डेट्रॉइट शहरातील नामांकित धर्मोपदेशक. अरेथा पियानो शिकल्या त्या नुसत्या कानाने ऐकून. १९६० मध्ये कोलंबिया या मोठ्या कंपनीशी त्यांचा करार झाला. पुढे बरीच वर्षे रेकॉर्डी निघत राहिल्या, पण म्हणावे तसे यश येईना. मग कंपनी बदलली. जानेवारी १९६७ मध्ये अलाबामा राज्यातील मसल शोल्स या लहानशा गावी ध्वनिमुद्रण ठरले, तेव्हा त्या स्वतः पियानोवर बसल्या आणि वाजवीत गायल्या. तेथून त्यांचे दिवस पालटले. त्याच वर्षी त्यांचे 'रिस्पेक्ट' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

आता त्या वडिलांनी नीट ऐकावी अशी गोष्ट. 'रिस्पेक्ट' हे गाणे रचले होते ओटिस रेडिंग यांनी. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे रेडिओवर गाणे वाजले, की स्वामित्वधन रचनाकाराकडे जाते. गाणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. म्हणजे गाणे जगभर ओळखले गेले अरेथांच्या आवाजाने, आणि रेडिओचा पैसा गेला दुसरीकडे! विणकराच्या घरी हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणे वेगळे आणि स्वतःच्या सुताचे लुगडे स्वतः विकणे वेगळे. केवळ गळा ही मजुरी होय. आपल्या देशात २०१२ सालच्या कायदादुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा राखून ठेवला, तो याच दुखण्यावरील उपाय म्हणून.

स्वतःचे सूत असलेला गायक पाहावयाचा तर फार दूर जावयास नको. निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा करीत वाईला पोहोचावे आणि पसरणीचा घाट चढावा, वर पाचगणी. तेथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात एक पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षी येऊन राहिला. नाव फारोख बुलसारा, जन्म १९४६ चा, झांझिबार बेटावरील. आईवडिलांपासून समुद्रापलीकडे राहणाऱ्या या मुलाने शाळेत पियानोच्या चार परीक्षा दिल्या आणि मित्रांसह 'द हेक्टिक्स' नावाचे वाद्यपथक काढले. त्यात तो पियानो वाजवी. हाच पुढे इंग्लंडमध्ये फ्रेडी मर्क्युरी या नावाने प्रसिद्धीस आला. 'क्वीन' या त्याच्या वाद्यवृंदाचे १९७५ मधील 'बोहेमियन रॅप्सडी' हे गाणे सर्वस्वी त्याची स्वतःची रचना आणि लांबीला सुमारे सहा मिनिटे. तीन मिनिटांचा दंडक त्याने सरळ मोडला. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ले मैदानावर सुमारे ७२ हजार श्रोत्यांपुढे तो आला, तो प्रथम पियानोवरच बसला. १९९१ मध्ये तो वारला. त्याचा पियानो २०२३ मध्ये लिलावात १७ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

तथापि गळा हे फार नाजूक भांडवल आहे. स्वरतंतू सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर आपटतात; अति ताण पडला, की त्यांवर गाठी येतात. फ्रेडीलाही त्यांचा त्रास होता. गळ्याला विश्रांती हवी असते, आणि गाणाऱ्याचे मन तर गाण्यावाचून राहत नाही. अशा वेळी बोटे उपयोगी पडतात. कोणी ऐकत नाही, चूक झाली तरी कोणी हसत नाही, लक्ष तेवढे पट्ट्यांवर असते.

पियानो आमच्या वस्तीत कोठून असणार? त्याला ८८ पट्ट्या. प्रत्येकीमागे नमद्याने मढवलेली हातोडी, ती तारेवर पडते आणि नाद हळूहळू विरतो. आमच्याकडे आहे त्याची धाकटी बहीण, पेटी. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये घेतले. भारतात आल्यावर पायाचा भाता हाताला आला आणि वाद्य मांडी घालून बसले. तिच्या ठरीव स्वरांवर मींड निघत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी केली. ती उठू लागली १९७१ मध्ये. एवढा काळ हद्दपार राहूनही आमचे गायक आपली पट्टी सांगताना 'काळी एक', 'पांढरी पाच' असे पेटीच्याच भाषेत सांगत राहिले, याची आम्हांस मोठी गंमत वाटते! आणि याच बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी पेटीला एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, कित्येक शिष्य घडविले.

आम्ही स्वतः पेटी अगदी बेताची वाजवितो. पण संध्याकाळी गल्लीतील मागांचा खडखडाट थांबल्यावर भाता हळू हलवू लागलो, की थोड्या वेळात श्वासही त्याच लयीत चालू लागतो. दिवसभराचा शीण कोठे जातो ते कळत नाही.

तर त्या विद्यार्थिनीस उत्तर असे, की पोट भरते, पण थोड्यांचे. आणि ज्यांना गाणे रचताही येते, त्यांचे अधिक. शाळेची पेटी संगीताच्या खोलीत आहे. मधल्या सप्तकातील एक पट्टी पावसाळ्यात अडकते, ती जरा उचलून घ्यावी लागते. शनिवारी शाळा सुटल्यावर किल्ली आमच्याकडून न्यावी. वडिलांनाही सोबत आणावे.