बंदूक नव्हे, काडतूस

३० जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली, ही गोष्ट शेजारच्या आमच्या धर्माबादेत आजही रंगवून सांगतात. सांगणारा बंदुकांवर बोलतो. काडतुसांचा विषय निघत नाही. पण बंदूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते, काडतूस एकदाच उडते.

इंग्रजांनी हे ओळखले होते. फौजेची रायफल ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे नळीचा व्यास ०.३०३ इंच. फौजेतून चोरलेली काडतुसे बाहेर उपयोगी पडू नयेत, म्हणून लष्करी मापाच्या रायफली सामान्य लोकांना बंद केल्या. शिकाऱ्यांसाठी निघाली ०.३१५ ची रायफल. तिची बांधणी तीच, काडतूस मात्र ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलचे : गोळी ८ मिलिमीटर, टोपण ५० मिलिमीटर. थ्री नॉट थ्रीचे टोपण ५६ मिलिमीटर. एकाचे दुसऱ्यात चालत नाही.

स्वतंत्र भारतानेही हे धोरण चालू ठेवले. ०.३१५ ची रायफल इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागली. थ्री नॉट थ्री निषिद्ध बोअरच राहिली. म्हणून आजही जुनी फौजी रायफल हाती असली, तरी खास परवान्यावाचून तिची काडतुसे मिळत नाहीत.

मुक्तिसंग्रामाच्या आठवणी टिपणाऱ्याने ‘बंदुका किती होत्या?’ यावर थांबू नये. ‘काडतुसे किती होती, कोणत्या मापाची, आणि आणली कुठून?’ हेही विचारावे. लढण्याची खरी ताकद तिथे मोजता येते.