भरलेल्या डिस्कचा विस्तार

इंदूर येथील छत्रीबागेत होळकर घराण्यातील व्यक्तींच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडी छत्र्या आहेत. समजा, एखाद्या शाळेने त्यांवरील कोरीवकामाची छायाचित्रे संगणकात संग्रहित करण्यास घेतली आणि निम्मे काम झाले असताना ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना आली. अशा वेळी जुनी छायाचित्रे पुसून टाकण्याची घाई करू नये.

संगणकाच्या डिस्कचे विभाग पाडलेले असतात. प्रथम कोणत्या धारिका किती जागा व्यापतात ते पाहून निरुपयोगी धारिका काढाव्यात. तेवढ्याने न भागल्यास संपूर्ण संग्रहाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती उघडून पडताळावी. त्यावाचून पुढे जाऊ नये.

साधा विभाग वाढविण्यासाठी सामान्यतः त्याच्या लगत पुढे मोकळी जागा असावी लागते. मध्ये दुसरा विभाग असल्यास अडचण येते. लिनक्स प्रणालीत ‘एलव्हीएम’ पद्धतीने आरंभीच विभाग केलेले असल्यास ही अट राहत नाही. नवी डिस्क सामाईक गटात घेतात, तेथील जागा विभागास जोडतात आणि शेवटी फाइल सिस्टिम तेवढीच विस्तारतात. ही शेवटची पायरी राहिल्यास विभाग मोठा होऊनही वापरावयास जागा मिळत नाही.

मात्र दोन डिस्कांवर पसरलेल्या विभागातील एक डिस्क निकामी झाल्यास सारा संग्रह धोक्यात येतो. झिजत चाललेल्या शिल्पाचे कालचे रूप पुन्हा टिपता येत नाही. म्हणून विस्तारानंतरही वेगळी प्रत नियमितपणे ठेवणे अगत्याचे आहे.