मिठाच्या पाण्यात बियाण्याची पारख

मृग तोंडावर आला की कृषी खात्याच्या बीजप्रक्रिया मोहिमेच्या बातम्या झळकतात. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, त्यात भाताचे बियाणे. तरंगेल ते पळींज फेकायचे, बुडेल ते राबात पेरायचे. किन्हवली, शहापूर, मुरबाडच्या शेतकऱ्याला हे तोंडपाठ आहे. मीठच का, हे मात्र त्याला क्वचितच कुणी समजावून सांगते.

मीठ विरघळले की पाण्याचे वजन वाढते, आकारमान त्या मानाने फारच थोडे वाढते. पाण्याची घनता 1 धरली, तर तीन टक्के द्रावणाची सुमारे 1.02 भरते आणि दहा टक्क्यांची 1.07. म्हणजे मूठभर मीठ कमीजास्त करून हवी ती घनता साधता येते. पाणी तापवायचीही गरज नाही. साखर गरम पाण्यात कितीतरी जास्त विरघळते; मीठ मात्र 100 मिलिलिटर साध्या पाण्यात 36 ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात जेमतेम 39 ग्रॅम.

जपानमधल्या फुकुओकात योकोई तोकियोशी यांनी 1882 मध्ये हीच पद्धत बसवली. तिथे बिनकुसळाच्या भातासाठी द्रावणाची घनता 1.13 ठेवतात. त्यापुढे आपले तीन टक्के फार सौम्य आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात निव्वळ पोचट दाणा वर येतो, अर्धवट भरलेला खुशाल तळाशी बसतो. तिसरे पान फुटेपर्यंत रोप दाण्यातल्या साठ्यावरच जगते. तो साठा अपुरा असेल तर आवण अशक्तच येणार.

जपानी आकडा जसाच्या तसा उचलू नये. त्यांचा दाणा आखूड आणि जाड, आपल्या झिनी जातीच्या भाताचा बारीक. तसे केले तर चांगले बियाणेही फेकले जाईल.

मोहिमेत सर्वात जास्त हयगय होते ती धुण्यात. दाण्यावर राहिलेले मीठ उगवण मारते. बुडालेले बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, मगच किलोला तीन ग्रॅम थायरम चोळा. हा खटाटोप घरच्या बियाण्यासाठी. पिशवीतले प्रक्रिया केलेले बियाणे मिठात घालू नका.

या भागातल्या शाळांच्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. तीन, सहा, नऊ आणि बारा टक्क्यांची द्रावणे करा, प्रत्येकात गावच्या वाणाचे शंभर दाणे टाका, तरंगलेले आणि बुडालेले वेगवेगळे उगवून मोजा. आणि तो तक्ता पेरणीआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.