कल्ला उचलून पाहताना

"भाऊ, वास काय घेता? कल्ला बघा."

देवळाली कॅम्पच्या बाजारातल्या मावशींनी रोहूच्या गालावरचं झाकण अंगठ्याने उचललं. आत लालभडक, ओलसर झालर. मग शेजारच्या बर्फाच्या खोक्यातला, आंध्रातून आलेला रोहू उचलून त्याचंही झाकण उघडलं. तिथला रंग विटकरी, कडेला तपकिरी. "हा दारणा नदीचा, पहाटेचा. तो प्रवासातला." भावात फरक का, हे त्यांनी एवढ्यात सांगून टाकलं.

गिऱ्हाईक कल्ला का बघतं, हे मला त्या दिवसापर्यंत नीट कळलं नव्हतं. माशाचं रक्त उघड्यावर दिसावं अशी अंगावर दुसरी जागाच नाही. कल्ल्याच्या एकेका धाग्यावर बारीक पापुद्रे असतात, आणि त्यांतल्या रक्ताला बाहेरच्या पाण्यापासून वेगळं करणारा पडदा इतका पातळ की रंग आरपार दिसतो. मासा मेला की त्याच रक्तातलं हिमोग्लोबिन हळूहळू तपकिरी पडत जातं. मावशी रंग बघून वेळ सांगतात ती अशी.

मी दोन किलोचा दारणेचा घेतला आणि कापताना समोर बसून राहिलो. खवले उडाले, विळीवर पोट फाटलं, आतडी, पित्त, पांढरा फुगा बाहेर आला. काळीज मात्र दिसेना.

"काळीज पोटात कुठलं? मुंडीत असतं," मावशी म्हणाल्या. मुंडी उलटी करून त्यांनी कल्ल्यांच्या मधोमध, गळ्याखाली, बोटाने एक पडदा फाडला. गडद लाल, तिकोनी गोळी. वजन जेमतेम दोन-तीन ग्रॅम. तिच्या टोकाला छोट्या कांद्यासारखा पांढरा फुगवटा. माशाचं हृदय पोटापासून पडद्याने वेगळं, कल्ल्यांना खेटून असतं. पोट साफ केलं तरी ते मुंडीबरोबर कालवणात जातं आणि खाणाऱ्याला पत्ता लागत नाही.

कल्ल्यांना खेटून असण्याला कारण आहे. आपलं रक्त एका फेरीत दोनदा हृदयात येतं, एकदा अंगातून आणि एकदा फुप्फुसातून. माशाचं एकदाच. अंगभर फिरून प्राणवायू संपलेलं रक्त एका कप्प्यात गोळा होतं, दुसऱ्यातून जोराने ढकललं जातं, ते थेट कल्ल्यांत. तिथे ताजं झालं की परत न येता पाठीच्या कण्याखालच्या मोठ्या धमनीने परस्पर शेपटीपर्यंत निघून जातं. घरभर ताजं अन्न पोचावं म्हणून राबणाऱ्या या हृदयाच्या पोकळीत स्वतः मात्र उष्टंच रक्त येतं. पुष्कळ माशांच्या हृदयाचा आतला स्पंजासारखा भाग त्याच उष्ट्यावर जगतो.

यात तोटाही आहे. कल्ल्यांच्या केसासारख्या नळ्यांत शिरताना रक्ताचा बराचसा दाब तिथेच खर्ची पडतो. त्या नाजूक नळ्यांना ठोक्याचा धक्का बसू नये म्हणून तो पांढरा कांदा. ठोक्यासरशी तो फुगतो, मग सावकाश आवळत रक्त संथ धारेने पुढे सोडतो.

खरी कमाल कल्ल्यात आहे. पाण्यात प्राणवायू हवेच्या मानाने तिसाव्या हिश्श्याइतका जेमतेम. म्हणून कल्ल्यावरून पाणी एका दिशेने वाहतं आणि आतलं रक्त उलट्या दिशेने. रक्ताला प्रत्येक पावलावर आपल्यापेक्षा श्रीमंत पाणी भेटतं आणि घेणं सुरूच राहतं. दोघं एकाच दिशेने गेले असते तर अर्ध्या वाटेत बरोबरी होऊन व्यवहार थांबला असता.

मावशींनी आता कण्याखालची काळपट रेघ नखाने खरवडायला घेतली. "हे साकळलेलं रक्त. राहिलं तर कालवण कडवट लागतं." कडवटपणाबद्दल मी त्यांच्याशी वाद घालणार नाही, पण ती रेघ म्हणजे माशाचं मूत्रपिंड. त्यांचं म्हणणं तरीही फार चुकलेलं नाही. माशाच्या हाडांत आपल्यासारखा रक्त बनवणारा मगज नसतो. रक्तपेशी मुख्यतः याच मूत्रपिंडात, विशेषतः त्याच्या पुढच्या टोकाला तयार होतात.

तेवढ्यात एकाने मरळ मागितली. टपात वीतभर पाणी, त्यात चार-पाच मरळी जिवंत. कापल्यावर तिचं काळीज पाटावर पडलं आणि धडधडत राहिलं. मी घड्याळ लावलं नाही, पण गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं तरी ते थांबलं नव्हतं. ठोक्याचा हुकूम हृदयाच्या स्वतःच्या स्नायूतूनच निघतो, मेंदूची वाट बघावी लागत नाही. रक्त गोल फिरतं हे १६२८ साली मांडणाऱ्या विल्यम हार्वेने मासे-बेडकांचीच हृदयं न्याहाळली होती. थंड रक्ताच्या प्राण्यांत ठोका सावकाश पडतो, डोळ्यांना टिपता येतो.

आणि या मरळीनेच वरचा नियम मोडला आहे. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा भरून घ्यायचा कप्पा असतो. तिथे ताजं झालेलं रक्त शिरांवाटे हृदयाकडे वळतं आणि उष्ट्यात मिसळतं. म्हणजे मरळीच्या हृदयाला थोडा ताजा घास मिळतो. बदल्यात तिला सारखं वर यावं लागतं. पाण्याखाली दाबून धरली तर मासा असून गुदमरून मरेल.

टपातली एक वर आली, हवेचा घोट घेऊन खाली गेली. मावशींनी टपावर ओली गोणी टाकली, कडेला बोटभर फट ठेवून.

"पूर्ण नाय झाकायचं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या रोहूचे तुकडे पिशवीत भरायला लागल्या.