अटी मान्य करील तो पक्ष आपला

चंद्रपूर महापालिकेत 66 पैकी 27 जागा जिंकून काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, भाजप 23 वर थांबला. तरीही महापौर झाला भाजपचा, तोही एका मताच्या फरकाने. राज्यात काँग्रेससोबत आघाडीत असलेल्या ठाकरेंच्या शिवसेनेने इथे भाजपला हात दिला. त्याआधीचे कित्येक दिवस काँग्रेसमध्येच विजय वडेट्टीवार आणि प्रतिभा धानोरकर यांच्या गटांची ओढाताण चालली होती. कुणाचे नगरसेवक कुणाच्या ताब्यात, गटनेता कुणाचा, हे सगळं वाचकांनी रोज वाचलंय, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. या निकालावर राज्यभर एकच प्रश्न विचारला जातोय: काँग्रेसने मतदार परत मिळवायचा कसा? चंद्रपूर-गडचिरोलीपुरता हा प्रश्नच चुकीचा आहे. इथला मतदार परत आलेला आहे, आणि एकदाच नव्हे.

2019 ची लोकसभा आठवा. महाराष्ट्रात काँग्रेसची एकच जागा आली, ती चंद्रपूरची. ऐनवेळी शिवसेनेतून आलेल्या बाळू धानोरकरांनी केंद्रात गृहराज्यमंत्री असलेल्या हंसराज अहिरांना पाडलं. 2024 मध्ये त्यांच्या पत्नी प्रतिभा धानोरकरांनी भाजपच्या सुधीर मुनगंटीवारांना 2 लाख 60 हजार मतांनी हरवलं. शेजारच्या गडचिरोली-चिमूरमध्ये डॉ. नामदेव किरसान 1 लाख 41 हजारांनी निवडून आले. मग सातच महिन्यांनी विधानसभा झाली आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या नऊपैकी काँग्रेसच्या हाती दोन जागा राहिल्या, ब्रह्मपुरी आणि आरमोरी. डिसेंबर 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नगरपरिषदांत मतदाराने पुन्हा काँग्रेसला उचलून धरलं. आणि आता हे महापौरपद.

म्हणजे लोक येतात, मत देतात, आणि पक्ष ते मत सांभाळू शकत नाही. वरोऱ्याचं उदाहरण पुरे आहे. खासदारबाईंचा स्वतःचा विधानसभा मतदारसंघ. लोकसभेनंतर तिथली उमेदवारी त्यांच्या भावाला मिळाली, भासरे बंड करून उभे राहिले, आणि काँग्रेस तिसऱ्या क्रमांकावर गेली. बल्लारपुरातही बंडखोरी झाली. लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये हे विधानसभेच्या निकालाचं मोठं कारण होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिसरा क्रमांक दीड हजाराने येत नाही. दोन-तीन घराण्यांत उमेदवारीची वाटणी झाली की कार्यकर्ता घरी बसतो आणि मतदाराला ते दिसतं.

मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गडचिरोलीतली एक घटना, जिच्याकडे मुंबईच्या विश्लेषकांनी फारसं पाहिलं नाही. 2024 च्या लोकसभेआधी जिल्ह्यातल्या ग्रामसभांच्या महासंघाने काँग्रेसच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला, आणि तो सशर्त होता. अटींचा गाभा पेसा (आदिवासी भागांत ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीचा होता. जल-जंगल-जमिनीवर ग्रामसभेचा अधिकार मान्य असेल तर आम्ही तुमच्यासोबत, असा तो व्यवहार होता. पुढाऱ्याने गावाला आश्वासन देणं आपल्याला माहीत आहे. इथे गावाने पुढाऱ्याला अटी घातल्या आणि पक्षाला त्या ऐकून घ्याव्या लागल्या. मतदान झालं 19 एप्रिलला, उन्हाच्या तडाख्यात, बहुतेक भागात दुपारी तीनपर्यंतच. तरीही टक्केवारी 72 च्या जवळ पोचली, त्या निवडणुकीतली राज्यातली सर्वाधिक.

हे बळ ग्रामसभांकडे एका रात्रीत आलं नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्राला पाठ आहे, पण त्यामागची पद्धत फार थोड्यांना माहीत आहे. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, सोबत ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल, यांनी ऐंशीच्या दशकापासून एकच गोष्ट चिकाटीने केली: ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा. हात वर करून मतं मोजायची नाहीत. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर टाकायचा. तोवर ज्याला शंका आहे त्याच्याशी बोलायचं, अभ्यासगटात बसून कायदा वाचायचा, आकडे काढायचे. वेळ लागतो, कधी महिने जातात. पण एकदा निर्णय झाला की तो मोडायला कुणी उरत नाही, कारण हरलेला पक्षच नसतो.

मोहनभाऊ गेल्या वर्षी जानेवारीत गेले. जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेला हा माणूस. आई आणि वडील दोघांचीही नावं लावणारा. हयात त्यांनी चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत घालवली आणि कुठल्याही पक्षाचा बिल्ला लावला नाही. बहुमताची लोकशाही गाव फोडते आणि फुटलेलं गाव ठेकेदाराला, अधिकाऱ्याला, पुढाऱ्याला सोयीचं पडतं, हा त्यांचा मुद्दा. पक्षांच्या लोकांना तो भाबडा वाटायचा. महापालिकेत एका मताने सत्ता गेल्यावर तो भाबडा वाटू नये. ज्या पक्षाला आपल्याच 27 जणांत सहमती घडवता येत नाही, त्याने मेंढ्याला जाऊन दोन बैठका पाहाव्यात, असं मी अगदी मनापासून म्हणतो.

2009 मध्ये मेंढ्याला 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. त्यासाठी गाव भांडलं, आणि 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. वनहक्क कायदा 2006 चा, काँग्रेसच्याच सरकारचा. या भागात पक्षाने लोकांच्या हाती दिलेली ही सर्वांत मोठी गोष्ट, आणि पक्षाच्या प्रचारात ती सर्वांत कमी ऐकू येते. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने याच हक्कावर बांबूचा रोजगार उभा केला. गडचिरोलीत तर शेकडो ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात.

तेंदूचा हंगाम जवळून पाहिला की लोकशाही म्हणजे काय ते कळतं. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. पूर्वी मोजणारा ठेकेदाराचा आणि दर ठरवणाराही वरचा. आता ग्रामसभा जाहिरात काढते, लिफाफे सर्वांसमोर उघडते, दर ठरवते, रॉयल्टी खात्यात जमा करते आणि तिचं काय करायचं ते बैठकीत ठरवते. ठेकेदार पैसे थकवतात, हिशेबावरून भांडणं होतात, एखादा सचिव घोळ घालतो. पण त्याचा जाब त्याच मांडवाखाली विचारता येतो. हंगामभर राबून आलेल्या पैशाचा हिशेब विचारायची सवय लागलेल्या बाईला संविधान वाचवायला सांगण्यासाठी लाल पुस्तक उंचावून दाखवावं लागत नाही.

या बळाचं राजकारणात रूपांतर होऊ शकतं, हे 2017 मध्ये दिसलं होतं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत ग्रामसभांनी स्वतःचे उमेदवार दिले. एटापल्ली तालुक्यात सैनू गोटा आणि भामरागडमध्ये ॲड. लालसू नोगोटी निवडून आले. मोठ्या पक्षांपैकी कुणाचं चिन्ह नाही, पैसा नाही, गावांनी बसून ठरवलेले उमेदवार. त्यानंतर अशी संधीच आली नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक आहे. यंदा बारा जिल्हा परिषदांचं मतदान झालं, त्यात हे दोन्ही जिल्हे नाहीत, कारण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर जातं. जवळजवळ चार वर्षं गावाचा रस्ता, शाळा, दवाखाना यांचा निर्णय न निवडलेला अधिकारी घेतोय. लोकशाही धोक्यात असल्याची भाषणं दिल्लीत होतात. इथे ती चार वर्षं कुलूपबंद आहे आणि त्यासाठी विरोधी पक्षाने दोन जिल्ह्यांत मोठं आंदोलन उभं केलेलं मला दिसलेलं नाही.

खासदारकीचंही तेच झालं होतं. बाळू धानोरकर 30 मे 2023 रोजी गेले. सतराव्या लोकसभेची मुदत होती 16 जून 2024 पर्यंत, म्हणजे एक वर्षाहून जास्त काळ उरला होता आणि कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी होती. झाली नाही. पुण्यातल्या रिकाम्या जागेसाठी निदान उच्च न्यायालयापर्यंत लढाई गेली, चंद्रपूर मात्र वर्षभर खासदाराविना राहिलं.

आणि जुलै 2025 चं जनसुरक्षा विधेयक. ज्या कायद्याचा सगळा रोख ‘शहरी नक्षलवाद’ या शब्दावर, त्याची झळ सर्वांत आधी गडचिरोलीतल्या ग्रामसभेच्या कार्यकर्त्याला लागणार, हे सांगायला जाणकार लागत नाही. खाणीला विरोध केला की माओवादी ठरवलं जाण्याचा अनुभव या गावांना आहे. विधानसभेत त्या दिवशी ठाम विरोध नोंदवला तो माकपच्या विनोद निकोले यांनी. काँग्रेसचे नेते संयुक्त समितीत बसले होते. पक्षाला जाग आली दुसऱ्या दिवशी, विधान परिषदेत, सभात्याग करण्यापुरती. अटी मान्य करून ज्यांची मतं घेतली त्यांच्यासाठी उभं राहण्याची ती वेळ होती. ती चुकली, आणि हे मी रागाने लिहितोय.

कारण आता वेळ वेगळी आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. बंदुकीच्या धाकामुळे गावात जाता येत नाही, ही कुठल्याच पक्षाची सबब आता चालणार नाही. रिकाम्या झालेल्या जागेत खाण कंपन्या आधीच पोचल्या आहेत. सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची जनसुनावणी 2022 मध्ये झाली ती गडचिरोली शहरात, बाधित गावांपासून शंभर किलोमीटरहून दूर. तिथे यायला ज्याला बसभाडं आणि मजुरी बुडवणं परवडत नव्हतं, त्याची सुनावणी झाली नाही. त्या गावांत मंडप टाकून पहिली खरी सुनावणी घेणारा पक्ष कोणता असेल?

सत्ता खाली दिली की पक्ष संपतो अशी भीती नेत्यांना वाटते. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराचा अनुभव उलटा आहे. तिथे 1989 मध्ये कामगार पक्षाने महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा काही भाग वस्त्यांच्या सभांकडे सोपवला. गटार आधी की शाळा, हे वस्तीने ठरवायचं. त्यानंतर तोच पक्ष शहरात सलग तीन वेळा निवडून आला. आपल्याकडे तर पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट मिळण्याचा आदेश 2015 पासून आहे. त्याचा हिशेब गावागावात मागायला बसणं एवढंही काम पुरेसं मोठं आहे.

राजुऱ्याच्या मतदार याद्यांचा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर भरपूर बोललं गेलंय. सहा हजार आठशेच्या वर नावांची बोगस नोंदणी झाली, असं राहुल गांधींनी सप्टेंबर 2025 मध्ये देशाला सांगितलं. त्या नोंदणीचे अर्ज फेटाळले आणि ऑक्टोबर 2024 मध्येच गुन्हा नोंदवला, असं निवडणूक यंत्रणेचं म्हणणं. काँग्रेसचे सुभाष धोटे तिथे सुमारे तीन हजारांनी हरले. गुन्ह्यामागचे हात शोधलेच पाहिजेत, पण प्रत्येक बूथवर यादी वाचणारा पक्षाचा माणूस नसेल तर पुढच्या वेळीही हे पत्रकार परिषदेतूनच कळेल.

तेंदूचा हंगाम दोन महिन्यांवर आहे. गेल्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. यंदा त्या जंगलात कोण कुठल्या वाटेने जाणार, सोबतीला वनखात्याचे किती लोक असणार, हे ठरवणाऱ्या बैठका गावोगाव होतील. आमदार-खासदारांनी त्यांत बसावं, सांगायला नव्हे, ऐकायला. जिल्हा परिषदेच्या निवडणुका कधीतरी लागतीलच. काँग्रेसने आजच जाहीर करावं की गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पेसा गटांतली उमेदवारी ग्रामसभांनी सुचवलेल्या नावांनाच मिळेल, त्यात कुणाचा भाऊ, मुलगी किंवा भासरा मध्ये येणार नाही, आणि 2024 च्या अटींपैकी कुठल्या पाळल्या, कुठल्या राहिल्या, याचा कागद दोन्ही खासदार त्याच ग्रामसभांपुढे वाचून दाखवतील.